ग्रुपवर १२० जण, उत्तरं चार

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या १२० मुलामुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला केला. नोट्स, नोटिसा, शंका, सगळं तिथेच. आता तिथे ‘शुभ सकाळ’ आणि वाढदिवसाचे केकच जास्त दिसतात. विषयाचा प्रश्न टाकला तर वाचतात जवळजवळ सगळे, उत्तर देतात चौघं. रात्री साडेअकराला ‘मॅडम, उद्या प्रॅक्टिकल आहे का’ असं विचारणारे मेसेज येतात. ४० मिनिटांची व्याख्यानं यूट्यूबवर टाकली, ती सरासरी चार मिनिटंही पाहिली जात नाहीत. दुसऱ्या विभागातल्या एका सरांच्या रील्स मात्र गावभर फिरतात. प्राचार्यांनी नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी ‘सोशल मीडियावरील विद्यार्थी सहभागा’चे स्क्रीनशॉट मागितले आहेत. त्यात भर म्हणजे, वर्गातल्याच एका मुलाने ग्रुपवरून एका मुलीचा नंबर उचलला आणि तिला सतत मेसेज सुरू केले. तिने मॅडमना सांगितलं, पण ‘घरी कळलं तर माझं कॉलेज बंद होईल, कुणाला सांगू नका’ अशी गळ घातली. हे सगळं बंद करून खडू-फळ्याकडे परत जावं, की आपणही रील्स करायला शिकावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

मॅडम,

पत्रात शेवटी, दोन ओळींत उरकलेली गोष्ट आधी घेऊ. रील्सचं काय ते पुढच्या महिन्यातही ठरवता येईल. त्या मुलीचं याच आठवड्यात पाहायला हवं.

तिला सर्वांत आधी एक सांगा: मेसेज डिलीट करू नकोस आणि त्याला लगेच ब्लॉकही करू नकोस. आधी स्क्रीनशॉट काढायचे. त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी. मग एकच स्पष्ट वाक्य पाठवायचं, ‘मला मेसेज करू नका’, त्याचाही स्क्रीनशॉट ठेवायचा आणि मग ब्लॉक करायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. मुलीने नको म्हटल्यावरही फोनवरून, इंटरनेटवरून पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, आणि तिने नको म्हटल्याचा पुरावा नंतर कामी येतो. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तिला लेखी तक्रार करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. तक्रार करायची की नाही हे तिलाच ठरवू द्या. घरी परस्पर फोन करू नका; तिला भीती आहे ती नेमकी त्याचीच. त्या मुलाला एकटं गाठून दम देऊ नका, आणि ग्रुपवर ‘काही मुलं गैरफायदा घेत आहेत’ असा मोघम मेसेज तर मुळीच टाकू नका. त्यातून तासाभरात नावं फुटतात.

एक अपवाद मात्र आहे. प्रथम वर्षाला सतरा वर्षांच्या मुलीही असतात. ती अठरा पूर्ण नसेल आणि मेसेज लैंगिक स्वरूपाचे असतील, तर पोक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. म्हणून वय आधी विचारा, वचनाचं नंतर बघा, आणि कळवावं लागणार असेल तर ते तिच्या कानावर आधी घाला.

तुमच्या पत्रातलं ‘ग्रुप तर मीच केला होता’ हे वाक्य बोचरं आहे, म्हणून कायद्याचंही सांगते. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. इथे तर प्रकार ग्रुपच्या बाहेर घडला. गुन्हा तुमचा नाही. पण १२० जणांचे नंबर एकमेकांसमोर उघडे ठेवणारी रचना तुम्ही निवडली होती, आणि ती बदलणं तुमच्या हातात आहे.

बदल असा करा. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो आणि हे बंद करण्याची सोय नाही. ‘कम्युनिटी’ केली तर तिच्यासोबत एक घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो. त्यात घोषणा फक्त ॲडमिन टाकतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. इथे एक चूक सर्रास होते: लोक जुना ग्रुपच उचलून कम्युनिटीत जोडतात. तसं केलं की जुना ग्रुप आत जसाच्या तसा राहतो, नंबरांसकट. त्यामुळे कम्युनिटी नवी करा आणि तिच्यात एकही उपग्रुप ठेवू नका. लिंक जुन्या ग्रुपवर टाकू नका. क्यूआर कोड कागदावर छापून वर्गात दाखवा, म्हणजे जे वर्गात आहेत तेच आत येतील. जुना ग्रुप आठ दिवस ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ या सेटिंगवर ठेवा, फाइली हलवा, मग सगळ्यांना काढून बंद करा. जे नंबर कुणी आधीच सेव्ह करून ठेवलेत ते आता परत घेता येणार नाहीत, हे मान्य करूनच पुढे जायचं.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे वळते. १२० जण वाचतात आणि चौघं उत्तर देतात, याचा अर्थ तुम्ही ‘मुलांना रस नाही’ असा लावला आहे. या गृहीतकाशी मी सहमत नाही. ऑनलाइन समूहांत साधारण नव्वद टक्के लोक नुसते वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर एका टक्क्याचा असतो, हा ठोकताळा वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्येच मांडला होता. तुमच्या वर्गाला तो लावला तर एखादा नेहमी लिहिणारा आणि दहा-अकरा कधीमधी लिहिणारे. चार उत्तरं म्हणजे तुमचा ग्रुप अगदी सर्वसाधारण आहे.

शिवाय ग्रुपवर उत्तर देणं म्हणजे नेमकं काय, ते उत्तर देणाऱ्या मुलाच्या बाजूने बघा. उत्तर चुकलं तर ११९ जणांसमोर, नावासकट, कायमचं. स्क्रीनशॉट निघणार ते वेगळंच. मराठी कीबोर्डची सवय नाही, इंग्रजी स्पेलिंगची धास्ती. फोन भावाचा, नंबर वडिलांचा. त्यात तुम्ही प्रश्न टाकता तो ‘कुणाला काही शंका?’ असा. याला उत्तर देण्यासाठी आधी आपल्याला काय कळलं नाही ते कळावं लागतं, आणि ज्याला ते नेमकं कळलं त्याला बहुधा शंकाच उरत नाही. वर्गातही या प्रश्नाला शांतताच मिळते. ती तासाच्या घंटेत विरून जाते, ग्रुपवर मात्र दिवसभर डोळ्यांसमोर राहते.

मग करायचं काय? नाव झाकलेलं असेल आणि उत्तराला एका बोटाचे कष्ट असतील, असा प्रश्न विचारायचा. व्हॉट्सॲपचा पोल इथे उपयोगाचा नाही. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं आणि बेरीज मत पडेल तशी हलते. पहिल्या पाच मतांत दोन ‘हुशार’ असले की उरलेले त्यांच्यामागे. टेलिग्रामच्या चॅनेलमध्ये पोल निनावी असतो, आपण मत दिल्याशिवाय निकाल दिसत नाही, आणि सदस्यांची यादी फक्त ॲडमिनलाच दिसते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे टेलिग्राम बऱ्याच मुलांच्या फोनमध्ये आधीपासून असतं. चॅनेल मात्र खासगी ठेवा, आणि प्रत्येकाला प्रायव्हसीत जाऊन स्वतःचा नंबर ‘कुणालाच नाही’ असा लावायला वर्गातच सांगा. ॲप वाढवायचं नसेल तर गूगल फॉर्म पुरेसा आहे. त्यात ‘निकालाचा सारांश दाखवा’ हा पर्याय बंद आहे ना, ते बघा. तो चालू राहिला तर भरणाऱ्याला इतरांची उत्तरं दिसतात.

प्रश्न कसा असावा, याचं तुमच्याच विषयातलं उदाहरण देते. एकदांडी, जी तुमच्या मैदानाच्या कडेला नक्की आहे. लांब दांडा, टोकाला मधे पिवळं, कडेने पांढरट. फोटो टाका आणि विचारा: या दांड्याच्या टोकावर फुलं किती? पर्याय चार: एक, पांढऱ्या पाकळ्या जितक्या तितकी, पिवळा भाग एक आणि पांढऱ्या पाकळ्या मिळून जितकी होतील तितकी, पिवळ्या ठिपक्यांसकट सगळी मिळून अनेक. बरोबर उत्तर शेवटचं, कारण ते अख्खं मुंडक, म्हणजे अनेक छोट्या फुलांचा फुलोरा आहे आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र पुष्पक, म्हणजे छोटं फूल आहे. पण खरी कमाई चुकीच्या पर्यायांत आहे. पहिला निवडणाऱ्याला फुलोरा आणि फूल यांतला फरकच कळलेला नाही. दुसरा निवडणाऱ्याला कडेची पुष्पकं कळली, मधली निसटली. तिसऱ्याने मधल्या पुष्पकांना एकच फूल धरलं. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज नसेल, तर तो प्रश्न टाकून काही हाती लागत नाही.

संध्याकाळी टाका, सकाळी बंद करा, आणि तासाची पहिली सात-आठ मिनिटं त्यालाच द्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर शिक्षकाने तोंड मिटून घ्यायचं, शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचं. ३० च्या खाली असेल तर शिकवण्यातच काही राहून गेलं आहे, पुन्हा शिकवा. ७० च्या वर असेल तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे चला. दुसऱ्या मताला फोन लागत नाहीत, बोटं पुरतात: छातीशी हात धरून एक, दोन, तीन किंवा चार बोटं. हात डोक्यावर धरू दिले की शेजारी बघून बोटं बदलतात.

आठवड्याला असे दोन प्रश्न पुरे. रोज टाकाल तर तिसऱ्या आठवड्यात प्रतिसाद घसरतो आणि तुमच्याकडचे चांगले प्रश्नही संपतात. त्यांतला एक मागच्या महिन्यातल्या भागावरचा असू द्या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर नुसतं पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर मधे स्वतःची चाचणी दिलेले पुढे जातात. नोट्सची पीडीएफ चौथ्यांदा पाठवण्यापेक्षा जुन्या भागावरचा एक प्रश्न म्हणूनच जास्त कामाचा.

सोशल मीडियाचा तुमच्या विषयाला खरा उपयोग कुठे असेल तर तो उलट दिशेने आहे: मुलांकडून तुमच्याकडे. शेतात, बांधावर, एसटी स्टँडमागे काय उगवलंय ते ती रोज बघतात. तुम्ही हर्बेरियममधली वाळलेली पानं दाखवता. चौघांचा एक गट करा, म्हणजे ३० गट होतात आणि गटात एकाकडे फोन असला तरी भागतं. तीन आठवड्यांत प्रत्येक गटाने पाच वनस्पती द्यायच्या, प्रत्येकीचे चार फोटो: पूर्ण झाड जमिनीसकट, खोडावर पानं कशी लागली आहेत ते, पानाची खालची बाजू, फूल किंवा फुलोरा जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. पहिल्या फोटोत गट क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी. त्या चिठ्ठीमुळे इंटरनेटवरून उचललेले फोटो निम्म्याहून जास्त आपोआप थांबतात.

यात अडचणी येतात त्या अशा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे पानावरची लव दिसत नाही. यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’. स्पष्टता राहते हे खरं, पण फोटोत दडलेली माहितीही तशीच जाते, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांश असतात. मुलीने घराच्या परसातला फोटो पाठवला की घराचा पत्ता पाठवल्यासारखंच झालं. म्हणून आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करायला लावा किंवा एचडीचा पर्याय वापरायला सांगा. दुसरी अडचण गूगल लेन्सची. ते नाव सांगून टाकतं, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतं. तेव्हा नावाला गुणच ठेवू नका. गुण पुराव्याला द्या: ‘पानं समोरासमोर आहेत हे कोणत्या फोटोत कुठे दिसतं?’ याचं उत्तर लेन्सकडून मिळत नाही. ते लिहून देण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाच्या आवाजी मेसेजमध्ये, घरी बोलतात त्या बोलीत सांगायची मुभा द्या. टाइप करायला लाजणारी मुलं बोलायला लागतात. हे आवाजी मेसेज तुमच्याकडेच यावेत, ग्रुपवर नकोत.

तिसरी अडचण सुरक्षेची. पावसाळ्यात गवतात हात घालायला लावू नका, ओढ्याकाठी एकेकट्याने पाठवू नका, आणि गाजर गवत फोटोपुरतंच. त्याने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो. उत्साही गट निघालेच तर त्यांना आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर निरीक्षणं टाकायला शिकवा. तिथे देशभरातले जाणकार ओळख तपासतात. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करण्याची सोय आहे, ती वापरायचीच.

यूट्यूबबद्दल. ४० मिनिटांचं व्याख्यान कुणी पूर्ण पाहत नाही यात तुमचा कमीपणा काही नाही. वर्गात जे ऐकलं तेच घरी पुन्हा कोण ऐकेल? यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळतात त्याचा आलेख असतो, तो उघडा. मधेच एखादं टेकाड दिसेल, जिथे लोक मागे जाऊन पुन्हा पाहतात. बहुधा तिथे तुम्ही आकृती काढत असता किंवा परीक्षेतला प्रश्न सांगत असता. तेवढंच ठेवा. प्रॅक्टिकलला मागच्या रांगेतल्याला जे दिसत नाही, त्याचा सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ करा. म्हणजे खोडाचा आडवा छेद घेणं: नमुना बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्यात धरणं, पातं ओलं ठेवणं, एकाच दिशेने ओढणं, छेद पाण्यात सोडून त्यांतला पातळ निवडणं, सॅफ्रॅनिनचा लाल रंग, धुणं, ग्लिसरीन, आणि कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून अलगद खाली सोडणं. त्यात चुका मुद्दाम दाखवा. तिरका गेलेला छेद, नीट न धुतल्याने सगळीकडे लालभडक झालेला छेद, कव्हरस्लिपखालचे बुडबुडे. आदर्श स्लाइड पाहून मुलं मान डोलावतात. आपला छेद बिघडला का, ते त्यांना बिघडलेल्या स्लाइडवरून कळतं. फोन स्टँडवर, वरून खाली रोखलेला, आणि आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा माइक. पंख्याखाली चित्रण करू नका. वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओचे भाग पडतात. पहिली वेळ ०:०० हवी, निदान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा. यूट्यूब त्या वेळा इंग्रजी अंकांतच ओळखतं. मुलांचे चेहरे नकोत. आणि पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून सार्वजनिक चॅनेलवर टाकू नका. वर्गात शिकवण्यापुरती कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे; अख्खं पुस्तक जगासाठी टाकणं त्यात बसत नाही.

रील्सचं अगदी थोडक्यात सांगते. त्या सरांना मिळणारे लाइक्स खरे आहेत, पण ते देणाऱ्यांतले किती जण त्यांच्या वर्गात बसतात? रील अनोळखी माणसापर्यंत पोचण्यासाठीच बनलेली असते. प्रवेशाच्या हंगामात विभागाची ओळख करून द्यायला ती उत्तम. फुलोऱ्याचे प्रकार शिकवायला कुचकामी. तुम्हाला कॅमेऱ्यासमोर मजा येत असेल तर करा. नसेल तर अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. विभागाचं पान हवंच असेल तर ते द्वितीय-तृतीय वर्षाच्या चार मुलामुलींना चालवू द्या. पासवर्ड विभागाकडे, आणि कुठलीही पोस्ट दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय नाही. तुमच्या खासगी खात्यावर मात्र विद्यार्थी नकोत आणि तुम्हीही त्यांना फॉलो करू नका, वर्गाबाहेरचं त्यांचं आयुष्य पाहायची तुम्हाला गरज नाही.

रात्री साडेअकराच्या मेसेजवर उपाय सोपा आहे. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे. त्यात ठरावीक वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर लावता येतं: ‘मेसेज मिळाला. उत्तर उद्या पाच ते साडेसहाच्या दरम्यान मिळेल.’ त्याच उत्तराच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. तिथे चोवीस तास माणूस बोलायला असतो. कारण रात्री येणारा प्रत्येक मेसेज प्रॅक्टिकलच्या वेळेचा असतोच असं नाही. ‘मॅडम, आता काही अर्थ नाही’ असं काही आलं तर वेळेचा नियम बाजूला ठेवून फोन उचला. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी पाचलाच उत्तर द्या, आणि तेही स्वतःच पाळा. एकदा जरी रात्री बारा वाजता ‘हो आहे’ म्हणून टाकलंत, तर नियम गेला.

आता प्राचार्य. स्क्रीनशॉटला नकार द्या, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये मुलांची नावं, नंबर, फोटो असतात आणि ती फाइल किती हातांतून फिरेल ते सांगता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हा मुद्दा प्राचार्यांना लगेच कळेल. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थीकेंद्री पद्धती आणि माहिती-तंत्रज्ञानाचा वापर विचारलेला असतो. त्यासाठी महिन्याला एक पान द्या: तारीख, प्रश्न, पहिल्या मतात बरोबर किती टक्के, चर्चेनंतर किती, आणि त्यावरून तुम्ही काय बदललं. चार-पाच ओळींचा तक्ता. चर्चेनंतरचा आकडा कधी कधी घसरतो, तोही लिहा. सगळे आकडे चढते असले की तपासणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आणि अंतर्गत गुणांची, हजेरीची नावांसकट यादी कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही, मग सांगणारे कुणीही असोत.

हे सगळं सुरू करण्याआधी वर्गात एक कोरी चिठ्ठी वाटा, नाव न लिहिता भरायची. फोन स्वतःचा आहे की घरातला? दिलेला नंबर कुणाचा? नेट संपतं का, साधारण महिन्याच्या कोणत्या आठवड्यात? संध्याकाळी फोन हातात किती वाजता येतो? प्रश्न टाकायची वेळ या उत्तरांवरून ठरवा. अनेक घरांत मुलींच्या हाती फोन येतो तो स्वयंपाक आवरल्यावर. १२० पैकी दहा जणांकडे फोन नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी सवलत जाहीर करू नका, त्याने ते उघडे पडतात. आठवड्याचे दोन्ही प्रश्न विभागाच्या काचेच्या फलकात छापून लावा, खाली एक पेटी ठेवा, चिठ्ठीवर फक्त पर्यायाचा आकडा लिहायचा. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्यापैकीही काही जण पेटीतच टाकतील. टाकू द्या, सकाळी मोजताना दोन्ही एकत्र धरा.